पोर देतो, हिशेब द्या

परीक्षा संपायच्या आतच बेळगाव-निपाणीकडच्या घराघरांतल्या मोबाईलवर एक फॉर्म येऊन पडतो. निवासी उन्हाळी शिबिर, सात दिवस, सहा रात्री. मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, रक्तगट, टी-शर्टचा साईझ. कशाची ॲलर्जी आहे का, झोपेत चालतो का, अंथरूण ओलं करतो का. आईचा नंबर, वडिलांचा नंबर, दोन्ही लागले नाहीत तर तिसऱ्या कुणाचा. खाली क्यूआर कोड. त्याच्याही खाली बारीक इंग्रजीत एक ओळ: काही बरंवाईट झालं तर आयोजक जबाबदार राहणार नाहीत. त्यावर पालकांची सही.

हाच फॉर्म आता आपल्या बाजूने वाचा. आपल्या पोराची अंथरुणातली गोष्टसुद्धा त्यांना कळली. आपल्याला काय कळलं? रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपणार, त्याचं नाव नाही. जवळचा दवाखाना किती लांब, उल्लेख नाही. संस्था कुठे नोंदलेली आहे, पत्ता नाही. एक मोबाईल नंबर आणि 'सर' लावलेलं एक नाव, एवढ्यावर आपण आगाऊ पैसे भरतो, पोर हवाली करतो आणि जबाबदारीही स्वतःच्याच डोक्यावर लिहून घेतो. व्यवहार सरळसरळ एकतर्फी आहे. तो तसा चालतो, कारण कुणी विचारत नाही.

मुलांनी घराबाहेर राहू नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराने चार रात्री आईबापांशिवाय काढाव्यात, आपलं ताट आपण घासावं, अनोळखी मुलांशेजारी सतरंजी टाकून झोपावं. ते शाळेत शिकवून येत नाही आणि घरी तर मुळीच येत नाही. शिबिरं हवीत, जास्त हवीत. म्हणूनच ती नीट हवीत.

•

पहिली गोष्ट पावतीची.

निपाणीत एका आईला विचारलं, फी भरली, पावती कुठाय? उत्तर आलं, "माणसं वळखीची हायत वो, पावती काय मागायची?" बेळगावातले एक वडील म्हणाले, "भरून टाकलंय की ऑनलाईन. माणसं चांगली हायत, खरं पावती काय देईनात." दोघंही शहाणी माणसं आहेत. किराणावाल्याकडून बिल घेतल्याशिवाय ती हलत नाहीत. पण पोराच्या बाबतीत पावती मागणं त्यांना अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तो संकोच आधी टाकून द्या. सेवेची पावती न देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. पावती मागणारा पालक कुणाचा अपमान करत नाही. न देणारा आयोजक कायदा मोडतो.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पैसे कुणाच्या नावावर जाणार ते पडद्यावर दिसतं. तिथे थांबा आणि वाचा. फॉर्मवर संस्थेचं नाव आणि पडद्यावर कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव असेल, तर आधी फोन करून विचारा. संस्थेच्या शिबिराची फी संस्थेच्या खात्यात गेली पाहिजे, यात न पटण्यासारखं काही नाही.

'अधिक १८ टक्के जीएसटी' असं छापलेलं असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवाच. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर वसूलच करता येत नाही. क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्य सांगतात. २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. आपल्या भागात हे दोन अंक पाहायची सवय लावून घ्यावी. शिबिर आंबोलीत, माणूस बेळगावच्या टिळकवाडीतला, खातं कोल्हापुरात आणि बसगाडी आणखी कुणाची, असं इथे सर्रास असतं. क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दोन मिनिटांत समजतं. पंधरा टक्के सवलतीसाठी आपण रात्री बारापर्यंत जागतो. त्यातली ही दोन मिनिटं काढा.

•

दुसरी गोष्ट, 'फी परत मिळणार नाही' ही ओळ.

एप्रिल म्हणजे कांजिण्यांचे दिवस. फी भरून झाल्यावर पोराच्या अंगावर फोड उठतात. पालक कळवतात, आयोजक त्या ओळीवर बोट ठेवतात. आजारी मूल शिबिरात न आणणं यात बाकीच्या सगळ्या मुलांचंही भलं आहे. तरी दंड मात्र त्या एकट्या घराला. उलट पुरेशी नावं जमली नाहीत म्हणून आयोजकांनीच शिबिर रद्द केलं, की म्हणतात, पैसे पुढच्या वर्षी वळते करू. पुढच्या वर्षी पोर दहावीत गेलेलं असतं.

नियम सोपा असावा. पंधरा दिवस आधी कळवलं तर नोंदणीचा किरकोळ खर्च कापून सगळी फी परत. आदल्या आठवड्यात कळवलं तर निम्मी. डॉक्टरांचा दाखला असेल तर खाण्यापिण्याचा वाचलेला खर्च तरी परत. आयोजकांनी रद्द केलं तर पूर्ण रक्कम, त्याच खात्यात, त्याच महिन्यात. हे फॉर्मवर छापायला चार ओळी लागतात.

आणि नाहीच दिली तर? इथे सीमाभागातल्या पालकांना एक गोष्ट पाठ हवी. जुन्या ग्राहक कायद्यात बहुतेक वेळा समोरचा जिथे धंदा करतो तिथे तक्रारीला जावं लागायचं. पुण्याच्या माणसाविरुद्ध तक्रार करायची तर पुण्याच्या खेपा. २० जुलै २०२०पासून नवा कायदा लागू झाला आणि तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येऊ लागली. शिबिर पाचगणीचं असो की दांडेलीचं, निपाणीच्या पालकाला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून बघा; अनेकदा तेवढ्यानेच पैसे येतात. मात्र तिथेही पहिला प्रश्न पावतीचाच विचारतात.

•

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. त्या बारीक अक्षरातल्या ओळीची.

'आयोजक जबाबदार नाहीत' असं लिहून घेतलं म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी सुटत नाही. सही झाली म्हणून हात बांधले गेले, असं समजू नका. पण सही करण्याआधी ती ओळ कापा आणि परत पाठवा. दहा पालकांनी कापली की अकरावा फॉर्म नवा छापून येईल.

बेळगावला हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. १५ एप्रिल २०१७ रोजी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून सहलीला गेलेले ८ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. त्यांची घरं याच भागात आहेत. वर्षभराने, एप्रिल २०१८मध्ये, चेन्नईहून उन्हाळी शिबिराला आलेली ३ शाळकरी मुलं मुळशीकडे कातरखडकच्या पाण्यात गेली. दोन्ही वेळा महिना एप्रिलचाच. उन्हाने काहिली होते, समोर पाणी दिसतं आणि मुलं धावतात. मुलं धावणारच. त्यांना अडवायला काठावर पोहणारा माणूस, अंगात लाईफ जॅकेट आणि हातात दोर हवा. फॉर्मवर 'वॉटर ॲक्टिव्हिटी' असे दोन शब्द असतील, तर हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय फी भरू नका: पाणी किती खोल, जॅकेट किती, पोहणारे कोण?

महाराष्ट्राने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. दोरीवरून उतरणं, गिर्यारोहण, पाण्यातले खेळ असं काही घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. शिबिर आंबोली, पन्हाळा, दाजीपूर किंवा मुळशीला असेल आणि त्यात असले खेळ असतील, तर तो नोंदणीचा कागद मागा. बेळगावातल्या माणसाने घेतलं तरी जागा महाराष्ट्रात आहे, म्हणून नियम तिथले. खानापूरच्या जंगलात, जांबोटी-कणकुंबीकडे असेल, तर वनखात्याच्या हद्दीत जाणार का आणि परवानगी आहे का, हे विचारा. भीमगड २०११पासून अभयारण्य आहे. मनात आलं म्हणून तिथे तंबू ठोकता येत नाही.

तंबूवरून वळवाचं सांगतो. एप्रिल-मेमध्ये चंदगड, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दुपार कलली की आभाळ भरतं. अर्ध्या तासात वारा, गारा आणि विजा. माळावरच्या तंबूत तीस मुलं असताना वीज कडाडली तर त्यांना कुठे नेणार? जवळ पक्कं छत आहे का? ते छत तीस मुलांना पुरेल का? चकचकीत पत्रकात तंबूचा फोटो असतो, शेकोटीचा असतो, या छताचा कधी नसतो. कणकुंबीकडे मोबाईलची रेंज जाते-येते. आंबोलीत रात्री पोराला साप चावला तर घाट उतरून सावंतवाडी गाठायची की मागे बेळगाव, हे तिथे गेल्यावर ठरवायचं नसतं. गाडी रात्रभर शिबिरातच उभी राहणार का, चालक तिथेच झोपणार का आणि सर्पदंशाचं औषध असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, एवढं कागदावर लिहून मिळालं पाहिजे.

'कमांडो ट्रेनिंग' विकणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात आहे. खऱ्या फौजी शिस्तीला हे गाव रोज जवळून बघतं. नऊ वर्षांच्या पोराला हिरवट ठिपक्यांची पँट घालून भर उन्हात ढोपरावर रांगायला लावणं म्हणजे शिस्त नव्हे. शिकवणारे निवृत्त फौजी असतील तर त्यांचं नाव आणि पलटण छापायला हरकत काय? खरा फौजी आपली पलटण अभिमानाने सांगतो.

•

चौथी गोष्ट रात्रीची.

दिवसा मुलं शंभर डोळ्यांसमोर असतात. रात्रीचं कोण बघतं? मुलींच्या खोलीशेजारी बाईमाणूस असणार का? तिचं नाव काय? स्वयंपाकी, चालक, मदतनीस यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? घरच्यांशी बोलायला फोन मिळणार का, आणि बोलताना शेजारी कुणी उभं राहणार का? काही शिबिरं 'मुलं हळवी होतात' म्हणून सातही दिवस फोन बंद ठेवतात. हे मान्य करू नका. रोज पाच मिनिटं पोराचा आवाज ऐकायला मिळाला पाहिजे. पोर रडलं तर रडलं.

पॉक्सो कायदा २०१२पासून आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही जो पोलिसांना कळवत नाही, त्याला शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाला तर जास्त. पोराला पाठवण्याआधी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर तोंडपाठ करून घ्या. दोन्ही राज्यांत तोच चालतो. आणि घटना आंबोलीत घडली तरी गुन्हा बेळगावच्या पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने ही शून्य क्रमांकाची फिर्याद कायद्यातच लिहिली आहे. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य सीमाभागाने पिढ्यानपिढ्या ऐकलं आहे. पोराच्या बाबतीत ते ऐकून माघारी फिरू नका.

आणि आयोजकांनो, कागद आपल्या भाषेत द्या. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं म्हणून कर्नाटकाने कायदा केला. मराठीत कागद मिळावेत म्हणून आपणही वर्षानुवर्षे मोर्चे काढतो. पण आपल्या पोराचा जीव ज्या कागदावर टांगलेला आहे तो निव्वळ इंग्रजीत येतो आणि दोन्हीकडचे आईबाप न वाचता सही करतात. या एका मागणीवर मराठी आणि कन्नड पालक एकत्र येऊ शकतात. यावेत.

•

पाचवी गोष्ट तारखांची. इथे सीमेची थेट झळ बसते.

२०२५ साली कर्नाटकातल्या शाळांना ११ एप्रिल ते २८ मे सुट्टी होती. महाराष्ट्रात त्याच वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या, सुट्टी २ मेपासून लागली आणि शाळा १६ जूनला उघडल्या. कोल्हापूर-पुण्याच्या मराठी शिबिरांचं वेळापत्रक तिथल्या सुट्टीवर बसवलेलं असतं. म्हणून आमची मुलं एप्रिलभर मोकळी, तेव्हा तिकडे शिबिर नाही. जूनची तुकडी निघते तेव्हा आमच्या शाळा सुरू. उरतो मे, आणि मेच्या तुकड्या तिथल्याच मुलांनी आधी भरलेल्या असतात. सीमाभागाच्या प्रेमाची भाषणं महाराष्ट्रात वारंवार होतात. ज्या संस्थांना ते प्रेम खरंच आहे, त्यांनी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक तुकडी बेळगाव-निपाणी-खानापूरच्या मुलांसाठी काढावी. मराठी शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांना मराठीत गाणी, नाटक, आकाशदर्शन आणि खेळ मिळाले, तर शंभर ठरावांपेक्षा ते जास्त काम करेल.

•

शेवटची गोष्ट पैशांची.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईच्या, विड्या वळणाऱ्या आईच्या पोराला शिबिर कधी मिळणार? आठवड्याच्या शिबिराला पाच आकडी फी लावली की तिचं पोर दारातूनच परत फिरतं. आणि घराबाहेर चार रात्री हसत-खेळत काढायची सगळ्यात जास्त गरज त्याच पोराला आहे. एनसीसीत असलेल्या मुलांना दहा दिवसांचं वार्षिक शिबिर बिनपैशांचं मिळतं. पण एनसीसी सगळ्या शाळांत नाही आणि आठवीच्या आत तर नाहीच. राष्ट्र सेवा दल १९४१ साली उभं राहिलं, एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख. साने गुरुजींच्या प्रेरणेने या दलाने खेड्यापाड्यांतल्या पोरांची शिबिरं घेतली. श्रमदान, गाणी, लेझीम, रात्री गोष्टी. खर्च थोडा, कारण कामं मुलंच करायची. ही रीत या मातीतलीच आहे.

याच बेळगावात, टिळकवाडीत, डिसेंबर १९२४मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असं ते एकमेव अधिवेशन. देशभरातून आलेली हजारो माणसं इथे राहिली, जेवली, झोपली. गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष होते आणि ना. सु. हर्डीकरांचे स्वयंसेवक राबत होते. आपल्यासाठी बांधलेल्या साध्या कुटीवर साडेतीनशे रुपये खर्च झाल्याचं कळल्यावर गांधीजींनी नापसंती बोलून दाखवली. प्रतिनिधींची फी दहा रुपयांवरून एक रुपयावर आणा, असा त्यांचा आग्रह होता. गरीब माणसाला दाराबाहेर ठेवेल अशी फी त्यांना नको होती आणि पै-पैचा हिशेब हवा होता. त्या अधिवेशनाची शताब्दी या शहराने नुकतीच थाटात साजरी केली. मग त्याच शहरातल्या शिबिरवाल्यांकडून हिशेब मागायला आपण का लाजावं?

प्रत्येक शिबिराने जेवणाला किती, जागेला किती, गाडीला किती, शिकवणाऱ्यांना किती आणि स्वतःला किती, हे एका पानावर छापावं. नफा घेतला तर घ्या. कष्ट आहेत, जोखीम आहे. पण तो लपवू नका. दहा मुलांमागे एका मुलाची जागा बिनपैशांची ठेवा आणि तो कुणाचा पोरगा आहे हे बाकीच्यांना कळू देऊ नका. तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या तालुक्यातली मुलं घेऊन जाणाऱ्या प्रत्येक निवासी शिबिराची नोंद ठेवावी: कोण नेतं, कुठे नेतं, किती मुलं, परत कधी. शाळेच्या सहलीला जो कागदोपत्री धाक असतो, तोच इथेही हवा.

आणि पालकांनी एवढंच करावं. या आठवड्यात फी भरण्याआधी आयोजकांना पाच प्रश्न लिहून पाठवा. संस्था कुठे नोंदलेली आहे? रात्री मुलांजवळ कोण झोपणार? दवाखाना आणि गाडी कुठे? पाण्यात किंवा दोरीवर नेणार असाल तर परवाना कुठे? फी परतीचा नियम काय? उत्तरं लेखी मागा. नीट उत्तरं आली तर फी भरा, पावती घ्या आणि पोराला आनंदाने गाडीत बसवा. उत्तरं आली नाहीत, तर त्या शिबिराला एक रुपयाही देऊ नका, आणि का दिला नाही ते गल्लीतल्या प्रत्येक आईबापाला सांगा.